शेंगदाण्यातलं विष वावरातच अडवताना

आमच्या घरी भुईमुगाच्या दाण्याचे तीन वाटे पडत आले आहेत. टपोरा, एकसारखा दाणा बियाण्यासाठी बाजूला. त्याच्या खालचा बाजारात. आणि उरलेला, म्हणजे सुरकुतलेला, फुटका, कुठे कुठे काळपट-पिवळट झाक आलेला, तो घरात. त्याचा कूट भाजीत जातो, तिखट-लसूण घालून चटणी होते, आणि त्यातूनही जे उरतं ते भिजवून गाईपुढे. वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरच्या बाजूला आमचं वावर आहे. आसपासच्या कुठल्याही घरी गेलात तरी वाटे असेच पडलेले दिसतील. मी हे लिहायला बसले ती या तिसऱ्या वाट्यामुळे.

आमच्या बचत गटाची शेंगदाणा चटणी तालुक्यात बरी खपत होती. मग पुण्याच्या एका दुकानदाराने मोठी मागणी दिली, पण आधी अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे एक बुरशी दाण्यात जे विष तयार करते त्याचा, अहवाल पाठवा म्हणाला. आम्ही चटणीसाठी काढून ठेवलेल्या दाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला तेव्हा त्यातला आकडा मर्यादेच्या तिपटीवर होता. मागणी तिथेच गेली. त्याचं वाईट वाटलं, पण खरी झोप उडाली ती दुसऱ्या विचाराने. ज्या दाण्याची चटणी पुण्याच्या माणसाने नाकारली, तोच दाणा आमची लेकरं रोज भाकरीबरोबर खात होती.

मर्यादा किती, ते आधी सांगते, कारण तो आकडा कळला की गोष्टीचं वजन कळतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात, ज्या दाण्यावर पुढे प्रक्रिया व्हायची आहे त्यात किलोला १५ मायक्रोग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन चालतं, आणि थेट खायच्या दाण्यात १० पर्यंत. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दहा क्विंटल दाण्यात सगळं मिळून १५ मिलिग्रॅम. चिमटीतही येणार नाही एवढं. थेट खायच्या दाण्यासाठी युरोपातले नियम याहून कितीतरी कडक आहेत.

"भाजल्यावर तं मरतच असन ना ते?" गटातल्या मावशींनी विचारलं. आम्हा सगळ्यांच्या मनात तेच होतं. बुरशी मरते, पण तिने आधीच तयार करून ठेवलेलं विष उरतं. घरच्या तव्यावर, कढईत, कुकरमध्ये ते पूर्ण जात नाही. चव बदलत नाही, वास येत नाही. वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं. घाण्यावर तेल काढलं तर बरंचसं विष ढेपेत राहतं आणि थोडं गाळीव तेलातही उतरतं. आणि ढेप खाणाऱ्या गाईच्या दुधात त्याचंच एक बदललेलं रूप येतं. दुधासाठी वेगळी मर्यादा आहे, किलोला अर्धा मायक्रोग्रॅम.

हे विष जगाला कळलं तेही भुईमुगामुळेच. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्ष्यांची पिल्लं मेली. शोध घेतला तर ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या ढेपेपर्यंत माग लागला. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्या नावावरूनच अफ्लाटॉक्सिन हे नाव पडलं. आपल्या देशातली गोष्ट याहून जवळची आणि जास्त दुःखाची आहे. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी चढलेला मका लोकांनी खाल्ला. घरात दुसरं धान्य नव्हतं. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जी नोंद केली तिच्यानुसार १०६ माणसं गेली. गरीब आदिवासी घरं होती ती. वाईट दाणा फेकून द्यायची ऐपत ज्यांना नव्हती, तेच गेले.

अशी एकदम माणसं जाण्याची वेळ विरळा येते. थोडं थोडं विष वर्षानुवर्षं पोटात जाणं हे नेहमीचं. यकृताच्या कर्करोगाशी अफ्लाटॉक्सिनचा संबंध पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, ठेवलं आहे. ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याला धोका कित्येक पट वाढतो. आफ्रिकेतल्या अभ्यासांत लहान मुलांची उंची खुंटण्याशीही त्याचा संबंध दिसला आहे.

हे घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "आमी हेच खाऊन मोठे झालो व माय, आमाले काय झालं?" त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांनी आयुष्यभर दाणा वाया जाऊ दिला नाही, त्यावर घर उभं राहिलं. मी एवढंच म्हटलं, "आई, आता आपल्याले माहीत झालं ना."

अहवाल घेऊन मी कृषी विज्ञान केंद्रात गेले. तिथल्या रोगशास्त्राच्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो साठवणुकीबद्दल नव्हता. त्यांनी विचारलं, "ताई, मे महिन्यात भुईमुगाला किती पाणी मिळालं?" मी गोंधळले. मी पोत्यांचं, कोठीचं, ओलीचं सांगायला गेले होते. त्यांनी समजावलं की ही बुरशी आपल्या मातीतच राहते, पडलेल्या काडीकचऱ्यावर जगते, आणि भुईमुगाची शेंग तर मातीतच वाढते. शेवटच्या महिना-सव्वा महिन्यात जमीन सुकली आणि शेंगेभोवतीची माती तापून अठ्ठावीस-तीस अंशांच्या आसपास राहिली की बुरशी दाण्यात शिरते. एरवी हिरवा दाणा स्वतःच बुरशीविरुद्धची द्रव्यं तयार करत असतो. दाण्यातलं पाणी आटलं की त्याची ती ताकद जाते. म्हणजे विष पोत्यात जन्मत नाही, बऱ्याच वेळा ते वावरातूनच येतं. पोत्यात ओल असली तर वाढतं, ही पुढची गोष्ट.

विदर्भातल्या उन्हाळी भुईमुगाचं हेच दुखणं आहे. जानेवारीच्या शेवटी पेरतो, मेच्या अखेरीस उपटतो. दाणा भरायच्या वेळी बाहेर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर आणि विहिरीला तळ दिसतो. बुरशीला हवं ते सगळं त्याच दिवसांत जुळून येतं.

मग मॅडमनी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. सगळ्याच ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशा विषारी नसतात. काहींच्या अंगात विष तयार करणारी जनुकंच अर्धवट किंवा गहाळ असतात. अशी बिनविषारी बुरशी शोधून, वाढवून, पीक फुलावर यायच्या दोन-तीन आठवडे आधी वावरात टाकतात. पंगतीत आधी बसलेल्यांनी सगळी पानं धरली की उशिरा आलेल्याला जागा उरत नाही, तसं ही बुरशी आधी जागा धरते आणि विषारी जातभाईंना दाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पीटर कॉटी या शास्त्रज्ञाने हे काम आधी कपाशीत उभं केलं. कपाशीत का, तर सरकी दुभत्या जनावरांना जाते आणि विष दुधात उतरतं. आम्ही कपाशीच्या मुलखातले, घरोघरी सरकी ढेप घालणारे; हे ऐकून मला गाईची दावण आठवली. त्यांची एएफ-३६ नावाची बुरशी २००३ साली तिथे अधिकृत झाली. भुईमुगासाठी अफ्ला-गार्ड नावाची वेगळी आली.

पुढे नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने आफ्रिकेसाठी अफ्लासेफ तयार केलं. त्या कामाची धुरा रणजित बंद्योपाध्याय या भारतीय शास्त्रज्ञाने सांभाळली. ते आधी हैदराबादजवळ पतंचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत ज्वारीच्या बुरशीवर काम करत होते. त्या त्या देशाच्या मातीत सापडलेल्या चार बिनविषारी बुरशा एकत्र करतात, बाहेरच्या आणून टाकत नाहीत. हेक्टरी फक्त दहा किलो लागतं. मका आणि भुईमूग दोन्हींत विष ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्याचे निकाल आहेत, आणि वावरात मिळालेला फायदा कोठीतही टिकतो, कारण दाण्यासोबत आत जाते ती बिनविषारीच बुरशी. या बुरशीला वावरात नेणारं वाहन काय आहे, तर ज्वारी. ज्वारीचा दाणा उगवू नये म्हणून आधी भाजून मारतात आणि त्यावर बुरशीचा लेप देतात. ज्या ज्वारीवर आमच्या पिढ्या जगल्या, ती आफ्रिकेतल्या लेकरांच्या पोटात जाणारं विष अडवते आहे, हे ऐकून मला मनापासून भरून आलं.

ते आपल्याकडे कुठे मिळेल म्हणून मी विचारलं. मंगरूळपीर, कारंजा, वाशीम, अकोला, जिथे जिथे ओळख होती त्या कृषी सेवा केंद्रांत चौकशी केली. मिळालं नाही. मॅडमनीही सांगितलं की आज तुमच्या हातात येण्यासारखं आहे ते ट्रायकोडर्मा. काम करण्याची पद्धत वेगळी, पण आहे तेही जैविक नियंत्रणच. ट्रायकोडर्मा ही मातीतली दुसरी बुरशी. ती वेगाने वाढून जागा आणि अन्न अडवतेच, शिवाय दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेढे घालते आणि विकरं सोडून त्यांच्या भिंती विरघळवते. इक्रिसॅटमध्ये भुईमुगाच्या शेंगेभोवतीच्या मातीत ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वापरून ॲस्परजिलसचा शिरकाव कमी करण्याचे प्रयोग झालेले आहेत. मॅडमनी एक गोष्ट मात्र तीन-तीनदा बजावली, "हे औषध नाही ताई. रोग दिसल्यावर टाकून उपयोग नाही. आधी टाकायचं, आणि त्याला ओल मिळाली पाहिजे."

इथून पुढे आम्ही काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण ज्यांना करायचं आहे त्यांना हाच भाग कामाचा.

पावडर मी अकोल्याला कृषी विद्यापीठातून आणली. पाकिटावर तारीख बघून घ्यायची, हे मी प्रत्येकीला सांगते. आत जिवंत बीजकण आहेत, शंखजिऱ्याच्या भुकटीत झोपलेले. ग्रॅमला किमान २० लाख असायला हवेत असा नियम आहे. सहा महिने उलटले, किंवा पाकीट उन्हात तापलेल्या दुकानाच्या काचेत पडून राहिलं, की हातात नुसती भुकटी उरते. मी पाकिटं ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने आणली आणि माजघरात माठाजवळ ठेवली.

एकरी दोन किलोचा हिशेब धरला. शंभर किलो शेणखताला एक किलो पावडर. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, हाताने चोळलं तर मातीसारखं भुरभुरणारं. अर्धं कच्चं खत टाकलं तर ते तापतं, वाळवी आणि हुमणी बोलावतं, आणि वाळवीने कुरतडलेली शेंग म्हणजे ॲस्परजिलसला उघडं दारच. आम्ही गोठ्यामागच्या जुन्या उकिरड्याच्या तळचं खत काढलं, चाळलं, गुळाच्या पाण्यात कालवलेली पावडर त्यावर शिंपडत थर लावले. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये, एवढीच ओल. निंबाच्या झाडाखाली सावलीत ढीग केला, वरून ओले बारदाने टाकले. दर काही दिवसांनी फावड्याने खालवर करत राहिलो.

त्या जानेवारीत थंडी जबर होती. सांगितलं होतं त्या मुदतीत ढिगावर काहीच दिसेना. मामाजी, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी बारदाना उचलून बघत आणि मान हलवत. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, पंचवीस-तीस अंशांत ती जोमाने वाढते, थंडीत वेळ घेईल, रात्री वर कुटार पसरा. सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर दिला. मग एका सकाळी पांढरट जाळी दिसली, आणि पुढे तिच्यावर गर्द हिरवा रंग चढत गेला. रंगाकडे बारकाईने बघायचं असतं. ट्रायकोडर्माचा हिरवा गर्द, पानासारखा. पिवळट-हिरवी पूड दिसली तर ती आपल्या शत्रूचीच असू शकते, तो भाग काढून टाकायचा. ढीग हलवताना आम्ही नाकाला ओढणी घट्ट बांधत होतो. कोणत्याही बुरशीची धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

बियाणं टॅग-२४ चं. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं विद्यापीठ यांनी मिळून काढलेलं हे वाण १९९१ पासून आहे, आणि आमच्या भागात अजूनही त्यावरच लोकांचा विश्वास आहे. बियाण्याला किलोमागे पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळली, ते सावलीत सुकवलं, मग रायझोबियम, म्हणजे मुळांच्या गाठींतून पिकाला नत्र देणारे जिवाणू. रासायनिक बुरशीनाशक लावलेलं बियाणं आणि ट्रायकोडर्मा यांची गाठ घालायची नाही. बुरशी मारणारं औषध चांगली बुरशी आणि वाईट बुरशी असा भेद करत नाही. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, तयार झालेलं खत वावरात पसरलं, वखराची पाळी दिली आणि लगेच हलकं ओलीत केलं. धुऱ्याकडचा, म्हणजे बांधाकडचा, एक पट्टा मुद्दाम तसाच सोडला. त्याला बाकी सगळं सारखं, फक्त ट्रायकोडर्मा नाही. मामाजींना ते पटत नव्हतं, पण फरक कळायचा तर दुसरा मार्ग नव्हता.

मधले महिने नेहमीसारखे गेले. आऱ्या, म्हणजे फुलानंतर जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ, सुटायच्या वेळी एकरी दोनशे किलो जिप्सम दिलं. त्यातल्या कॅल्शियमने टरफल टणक होतं, आणि टरफल हीच दाण्याची पहिली भिंत. आऱ्या जमिनीत शिरल्यावर डवरणी बंद, कारण लोखंड लागून जखम झालेली शेंग बुरशीच्या हाती आयती पडते. निंदण हातानेच केलं.

खरी परीक्षा मेमध्ये आली. विहिरीचं पाणी निम्म्यावर आलं आणि घरात बोलाचाली झाली. आमची थोडी संत्र्याची बाग आहे. मामाजी म्हणाले, "संत्र्याले पानी तोडून भुईमुंगाले देऊ काय? झाड गेलं तं धा वर्सं गेले." त्यांचं चूक नव्हतं. संत्र्याचं झाड म्हणजे लेकरासारखं वाढवलेलं असतं, आणि भुईमूग चार महिन्यांचा. शेवटी असं ठरलं की संत्र्याच्या आळ्यात कुटाराचं जाड आच्छादन घालून त्याचं पाणी लांबवायचं, आणि भुईमुगाला स्प्रिंकलरने रात्री, थोडं थोडं, पण अंतर न पडू देता द्यायचं. रात्रीची वीज असेल तेव्हा उठून नोझल बदलायची. घरातल्या प्रत्येकाने ते जागरण केलं. तरीही वावराच्या वरच्या अंगाला बरड आहे, मुरमाड, तिथे दाब पुरला नाही. तो तुकडा आमच्या डोळ्यांसमोर दुपारी माना टाकायचा.

काढणीला आभाळ भरून आलं. मेच्या अखेरीस वळवाचा पाऊस ठरलेलाच. उपटलेलं झाड शेंगा वर करून उलटं मांडलं, म्हणजे शेंगेला वारा लागतो आणि मातीची ओल लागत नाही. दोन वेळा ढग आले आणि दोन्ही वेळा सगळं आवरून ताडपत्रीखाली नेलं. ऊन पडताच पुन्हा उघडलं, कारण ताडपत्रीखाली ओली शेंग घामेजून राहिली तर केलेलं सगळं पाण्यात. शेंग कानाशी हलवल्यावर आत दाणा खडखड वाजला, टरफलाच्या आतली बाजू तपकिरी झाली, तेव्हाच तोडणी. पोती भरण्याआधी केंद्रातल्या यंत्रावर ओलावा मोजून घेतला. शेंगेत आठ टक्क्यांच्या आत आला तेव्हाच कट्टे शिवले, तेही लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर.

शेंगा फोडायच्या यंत्रावर एक गोष्ट मी पहिल्यांदा अडवली. दाणा फुटू नये म्हणून फोडण्याआधी शेंगांवर पाणी मारायची सर्रास पद्धत आहे. महिनाभर राबून सुकवलेल्या शेंगेला त्या पाण्याने पुन्हा ओल येते आणि तो दाणा तसाच पोत्यात जातो. यंत्रवाल्या भाऊंना मी म्हटलं, फुटला तर फुटू द्या, पाणी मारायचं नाही. फूट थोडी जास्त निघाली. भाऊ कुरकुरले, पण ऐकलं.

नमुना काढण्याचं एक शास्त्र आहे. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं. एका पोत्याच्या तोंडावरची ओंजळ घेतली तर अहवाल खोटा दिलासा देईल किंवा खोटी भीती. आम्ही प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून काढत गेलो, सगळं एकत्र केलं, नीट मिसळलं आणि त्यातून नमुना घेतला. तीन नमुने वेगवेगळे पाठवले. चांगलं पाणी मिळालेला ट्रायकोडर्माचा भाग, धुऱ्याकडचा बिनट्रायकोडर्माचा पट्टा, आणि बरड. तपासणीचे पैसे गटाने वाटून भरले.

ट्रायकोडर्माच्या भागाचा अहवाल १० च्या बराच खाली आला. धुऱ्याकडचा पट्टा १० आणि १५ च्या मध्ये, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा कितीतरी चांगला, पण चटणीला चालणार नाही असा. आणि बरडाचा नमुना १५ च्या वर. त्यात ट्रायकोडर्मा होती, जिप्सम होतं, सुकवणही तीच.

मी हे तीन कागद भिंतीवर लावून ठेवले आहेत. एका वावराचा, एका हंगामाचा अनुभव आहे, त्यावरून सगळ्या विदर्भाला सांगता येणार नाही. पण मला जे दिसलं ते असं: पाणी आणि सुकवण यांनी निम्म्याहून जास्त लढाई जिंकून दिली, ट्रायकोडर्माने उरलेली, आणि जिथे पाणी पोहोचलं नाही तिथे ट्रायकोडर्मा एकटी काही करू शकली नाही. कोरड्या मातीत तीही झोपते, आणि ॲस्परजिलसला तीच कोरडी, तापलेली माती आवडते. म्हणूनच मला वाटतं की ॲरिझोनासारख्या वाळवंटी मुलखात उपयोगी पडलेली बिनविषारी बुरशी आमच्या कोरडवाहू माणसाला जास्त हवी आहे. ज्याच्याकडे विहीर नाही, जो मका किंवा खरिपाचा भुईमूग पावसावर घेतो, त्याला मी स्प्रिंकलरची गोष्ट कशी सांगू?

तिसऱ्या वाट्याचं काय करायचं, हा घरातला सगळ्यात कठीण प्रश्न होता. काळे, सुरकुतलेले, बुरशी दिसणारे दाणे निवडून काढले की पोत्यातलं बरंचसं विष त्यांच्याबरोबर निघून जातं. पण ते गाईला घालायचे नाहीत, कोंबड्यांना नाहीत, उकिरड्यावर नाहीत, कारण उकिरड्यातून ते पुन्हा वावरात जातात. सासूबाईंना दाणा चुलीत टाकताना बघवत नव्हतं. त्या उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र निवडायला त्याच पुढे बसल्या, आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा तिखट आहे. आता गटातल्या बायका आपापला दाणा त्यांच्याकडून पारखून नेतात.

खरिपाच्या ज्वारीला हा उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही. कणीस पावसात सापडून काळं पडतं ती बुरशी वरून येते, त्यात फ्युजेरियम नावाची वेगळी बुरशीही असते. १९९५ साली कर्नाटक-आंध्रच्या पठारावर पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन गावंच्या गावं पोटदुखी-जुलाबाने आजारी पडली, ती फ्युजेरियमच्या फ्युमोनिसिन या विषाने. तिथे आम्ही एवढंच करतो की दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला, म्हणजे दाणा पक्व झाला, की पावसाची वाट न बघता कणसं खुडतो आणि छपराखाली सुकवतो. काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळाली तरी कण्यांसाठी आणत नाही.

यंदा गटातल्या बऱ्याच जणींनी ढीग लावायचं ठरवलं आहे. थंडीचा अनुभव धरून डिसेंबरातच सुरुवात करणार. खत एकत्र चाळणार, पावडर एकत्र आणणार, आणि एका ऐवजी तीन-चार वावरांत बिनट्रायकोडर्माचे पट्टे सोडणार, म्हणजे पुढच्या वर्षी सांगायला जास्त काही असेल. बरडावर आम्ही भुईमूग घेणार नाही, तिथे हरभरा. आणि कृषी विज्ञान केंद्राला आम्ही सगळ्यांच्या सह्यांचं पत्र दिलं आहे की आमच्या मातीत बिनविषारी ॲस्परजिलस आहे का ते तपासा. नमुन्यासाठी माती कधीही, कोणत्याही वावरातून घ्या.